पक्षकाराची ठेव, वकिलाचे व्रत

सनद मिळाली, ज्येष्ठांकडील उमेदवारी संपली आणि तरुण वकिलाने स्वतंत्र कार्यालय थाटले, की कायद्याच्या ग्रंथांइतकीच हिशेबाची वहीही महत्त्वाची ठरते. पक्षकार फी आणि न्यायालयीन खर्च बहुधा एकत्रच देतो. ती रक्कम वकिलाच्या घरखर्चाच्या खात्यात मिसळली, की कार्यालयाचे भाडे त्यातूनच भागते आणि दावा दाखल करण्याच्या दिवशी कोर्ट फीला पैसा उरत नाही. मुदत टळली, तर पक्षकाराचा हक्कच बुडतो.

म्हणून पक्षकारांच्या पैशासाठी बँकेत स्वतंत्र खाते असावे. प्रत्येक रकमेची पावती द्यावी. जमा, खर्च व फी यांची तारीखवार नोंद ठेवण्याचे बंधन बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतही आहे. फी आरंभीच लेखी ठरवावी. ती निकालावर अवलंबून ठेवण्यास त्याच नियमांची मनाई आहे. सुरुवातीची मिळकत अनियमित असते. तेव्हा काही महिन्यांच्या घरखर्चाची तरतूद आधीच करावी, म्हणजे परक्या पैशाचा मोह होत नाही.

तत्त्वार्थसूत्रात न्यासापहार, म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव बळकावणे, हा सत्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. तो टाळणाऱ्या वकिलाला जाहिरातीची गरज भासत नाही.