खामकाठचं रसायन

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला गेलात की हौदात कोसळणाऱ्या पाण्याचा फोटो सगळेच काढतात. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणायचं, उंचावरून सोडायचं आणि त्यावर जातं फिरवायचं, अशी ही जुनी करामत. पण हे पाणी आणखी एक काम उरकतं. पडताना फुटतं आणि हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं.

आता शेजारी डोकवा. तिथून खाम नदी वाहते. तिच्यात सांडपाणी मिसळलं की जिवाणूंची पंगत बसते, आणि हे पाहुणे जेवताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. एका लिटर पाण्यात २५ अंशांना जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पाणी तापलं की त्याहूनही कमी. म्हणजे मे महिन्यात पाहुणे जास्त भुकेले आणि वाढप सगळ्यात कमी. नदी गुदमरायला कारखान्याचं विषच लागतं असं नाही, घरोघरचं खरकटं आणि मैलाही पुरतो. गेल्या काही वर्षांत खामचे काठ साफ झाले, झाडं लागली, फिरायला जागा झाली. छान झालं. पण मासे काठावर राहत नाहीत.

मासे पहाटेच का मरतात?

दिल्ली दरवाज्याजवळच्या सलीम अली सरोवरात जलपर्णी माजली की सगळे तिलाच शिव्या घालतात. तिला बोलावणारा मात्र सांडपाण्यातला फॉस्फरस. शेवाळ याच खुराकावर वाढतं, दिवसा उन्हात ऑक्सिजन बनवतं आणि रात्री स्वतःच श्वासाला वापरतं. त्यामुळे अशा तळ्यात ऑक्सिजनचा खडखडाट होतो तो पहाटे. शिवाय फॉस्फरस चिवट. नायट्रेटमधला नायट्रोजन जिवाणू वायू करून हवेत सोडून देऊ शकतात, फॉस्फरसला ती वाट नाही. तो गाळात दडतो आणि तळाशी ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात उतरतो. सांडपाणी थांबवलं तरी पुढची काही वर्षं जलपर्णी येतच राहते, त्याचं कारण हा जुना साठा.

काळी माती कुणाला अडवते?

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट झिजून आपली काळी माती झाली. तिच्या चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. धन भाराचे कण त्यांना चिकटतात, ऋण भाराचे सरकून जातात. मराठवाड्यातल्या विहिरींची निम्मी कहाणी या एका नियमात आहे.

कपाशीला युरिया टाकला, त्याचा आधी अमोनियम झाला. हा धन भाराचा, म्हणून माती त्याला धरून ठेवते. मग मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. भार पालटला, पकड सुटली! पहिल्या मोठ्या पावसात नायट्रेट पाण्याबरोबर खाली, विहिरीत. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याला रंग नाही, वास नाही, आणि उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

क्रोमियमचा खेळ याहून नाट्यमय. वाळूज, चिकलठाण्यासारख्या वाहन उद्योगाच्या पट्ट्यात चकचकीत मुलामा देणाऱ्या प्लेटिंगला बहुतेकदा त्याचं ‘सहा’ रूप, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम, लागतं. हे विषारी, कर्करोगकारक, आणि पाण्यात ऋण भाराने फिरतं. म्हणजे आपल्या काळ्या मातीलाही सहसा न जुमानणारं. त्याला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट दिलं की ते ‘तीन’ होतं, मग चुना घातला की गाळ होऊन तळाशी बसतं. धातू तोच, फक्त इलेक्ट्रॉन तीन जास्त. कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेत क्रोमियमसाठी करायचं ते एवढंच.

रंग बदलला म्हणून घाबरू नका

जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा अफवांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तर निघाले खारट पाण्यात रमणारे सूक्ष्मजीव. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यांनी आपला रंग दाखवला. उलट नायट्रेटवालं पाणी अगदी नितळ दिसतं.

मकबऱ्यापासून गणपतीपर्यंत

बीबी का मकबऱ्याचा घुमट संगमरवरी, पण बराचसा भाग चुन्याच्या गिलाव्याचा. ताजमहालाशी तुलना करून लोक नाक मुरडतात. हवेतल्या आम्लाला मात्र असला भेदभाव नाही. संगमरवर काय, जुना चुना काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. कोळसा-डिझेलच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात मिसळला की या कार्बोनेटचं जिप्सम होतं. पाऊस लागणाऱ्या बाजूचं जिप्सम धुऊन जातं आणि दगड झिजतो. आडोशाच्या बाजूला ते काजळी धरून काळं पडतं.

आता गंमत बघा. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती म्हणजे हेच जिप्सम. ते पाण्यात इतकं हळू विरघळतं की विसर्जनानंतरही मूर्ती तशीच पडून राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर उतारा काढला: बादलीत अमोनियम बायकार्बोनेट, बेकरीवाले बिस्किटं फुगवायला वापरतात तेच. त्यात घरगुती मूर्ती दोनेक दिवसांत विरघळते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट, वर अमोनियम सल्फेटचं खताचं पाणी. मकबऱ्याच्या दगडावर धूर जे करतो, त्याच्या बरोब्बर उलट क्रिया, तीही आपल्या मोरीत.

हे खताचं पाणी भरपूर साधं पाणी मिसळूनच झाडांना घाला, आणि तेही बेताने. त्यातल्या अमोनियमचं पुढे काय होतं ते वर वाचलंतच. यंदा शाडूची मूर्ती घेत असाल तर बादलीची गरज नाही, फक्त रंग कसले आहेत ते दुकानात विचारून घ्या.