आधी बांधा, मग धाडा

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्यात एकच बलाढ्य प्रोसेसर नव्हता. ‘ट्रान्सप्युटर’ जातीचे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी होती. शेजाऱ्याकडची माहिती हवी असेल तर ती संदेशानेच मागवायची. पुण्यातच, पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली आलेल्या ‘अर्क’ या महासंगणकाची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे, पण त्यातल्या एका नोडवरची, म्हणजे एका स्वतंत्र संगणकावरची, माहिती दुसऱ्यावर न्यायची तर आजही संदेश पाठवावा लागतो.

असे संदेश पाठवण्याचे एमपीआय हे मानक १९९४ साली ठरले. त्यावर चालणारा प्रोग्रॅम वेगवान होणार की रखडणार, हे पुष्कळदा एका साध्या कामावर ठरते: मेमरीत विखुरलेले आकडे सलग जागेत, म्हणजे बफरमध्ये, गोळा करून एकदम पाठवणे.

हिशेब मांडून पाहू. प्रत्येक संदेशाला निघण्यापुरताच ठरावीक वेळ लागतो. चांगल्या नेटवर्कवर तो साधारण एक मायक्रोसेकंद धरू. वाहतुकीचा वेग सेकंदाला १० अब्ज बाइट धरू. आता हजार ओळी आणि हजार स्तंभांचा एक तक्ता घ्या, प्रत्येक आकडा ८ बाइटचा. सी भाषेत ओळ मेमरीत सलग असते, त्यामुळे ती जशीच्या तशी पाठवता येते. स्तंभाचे तसे नाही. त्यातले शेजारी आकडे एकमेकांपासून ८,००० बाइट दूर असतात. (फोरट्रानमध्ये नेमके उलट.) स्तंभातला एकेक आकडा वेगळा धाडला तर हजार संदेशांना हजार मायक्रोसेकंद. तेच ८,००० बाइट बफरमध्ये भरून पाठवले तर दोन मायक्रोसेकंदांच्या आत काम होते. भरण्या-उतरवण्याला आणखी काही मायक्रोसेकंद दिले तरी फरक शंभर पटींच्या आसपास राहतो. देवगडहून आंबे पेटी भरून येतात, एकेक आंबा वेगळ्या गाडीने येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

हवामानाच्या प्रारूपांत हे क्षणोक्षणी घडते. नकाशाचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक प्रोसेसकडे, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकेका चालू प्रतीकडे, एक तुकडा दिलेला असतो, आणि कडेवरचे गणित करायला शेजारच्या तुकड्याची कड लागते. तापमान, आर्द्रता, दाब आणि वाऱ्याचे दोन घटक अशा पाच राशी चार बाजूंना वेगवेगळ्या पाठवल्या तर दर टप्प्याला वीस संदेश होतात. शेजाऱ्यागणिक एकच बफर भरला की चार पुरतात. जगभर वापरले जाणारे ‘डब्ल्यूआरएफ’ प्रारूप असेच कडा बांधून पाठवते.

अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत घडलेल्या ‘लॅम्प्स’ या अणूंच्या हालचाली मोजणाऱ्या प्रोग्रॅमची अडचण आणखी वेगळी. अणू सीमा ओलांडून शेजारच्या प्रोसेसकडे जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचे स्थान, वेग, क्रमांक, रासायनिक बंध असे सगळे बिऱ्हाड न्यावे लागते. हे बिऱ्हाड प्रत्येक अणूचे सारखे नसते. म्हणून बफरमध्ये अणूच्या नोंदीतला पहिलाच आकडा सांगतो की ती नोंद किती लांब आहे. घेणाऱ्याला पुढे कुठवर वाचायचे ते तिथेच कळते. इतकी साधी तजवीज, पण तिच्यावाचून पुढचे सगळे आकडे सरकले असते.

चुका होतात त्या याच जागी. ज्या क्रमाने भरले त्याच क्रमाने उतरवायला हवे. क्रम बिघडला तर प्रोग्रॅम कदाचित थांबणारही नाही, मुकाट्याने चुकीचे उत्तर देईल. पॉइंटर तर कधीच भरू नये. तो फक्त आपल्या मेमरीतला पत्ता असतो आणि दुसऱ्या प्रोसेसकडे त्या पत्त्यावर भलतेच काही असते. तिसरी चूक सर्वांत छळवादी. न थांबता पाठवण्याची आज्ञा दिल्यावर संदेश खरोखर निघून गेल्याची खात्री होण्याआधी त्याच बफरमध्ये नवे आकडे भरले, तर कधी जुने जातात, कधी नवे, कधी दोन्हींची भेसळ. चाचणीत सगळे सुरळीत दिसते आणि मोठ्या यंत्रावर बिघडते.

बफर हाताने भरायचा नसेल तर एमपीआयला मांडणीच कळवता येते: हजार आकडे, प्रत्येक इतक्या अंतरावर. मग गोळा करणे लायब्ररीकडे. कोड नेटका होतो आणि क्रम चुकण्याची भीती कमी होते. मात्र मेमरीतून विखुरलेले आकडे उचलण्याचा खर्च टळत नाही. बहुतेक प्रोसेसर मेमरी ६४ बाइटच्या तुकड्यांत ओढतात, म्हणजे आपल्या स्तंभाचे ८,००० बाइट मिळवायला ६४,००० बाइट हलतात. शिवाय काही लायब्रऱ्या हे काम हाताने लिहिलेल्या साध्या लूपपेक्षा सावकाश करतात. तरीही नव्याने शिकणाऱ्याने मांडणी कळवण्यापासूनच सुरुवात करावी, आणि मोजमापाने तीच अडचण ठरली तरच हाताने भरायला घ्यावे.

हे मोजायला महासंगणक लागत नाही. एमपीआयसीएच आणि ओपन एमपीआय या दोन्ही लायब्रऱ्या मोफत मिळतात आणि घरच्या लॅपटॉपवर चालतात. दोन प्रोसेस सुरू करा, एकदा हजार संदेश पाठवा, एकदा एकच, आणि दोन्ही वेळा स्वतः ताडून पाहा.