चौथ्या सरकीतली अळी

वरून पाहिलं तर बोंड निरोगी. हिरवंगार, टणक, कुठं डाग नाही की भोक नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कपाशीच्या शेतात धुऱ्यावर बसून आम्ही बोंडं फोडत होतो. पऱ्हाटीत हिंडून वेगवेगळ्या झाडांची वीस बोंडं तोडायची आणि चिरून पाहायची, ही गुलाबी बोंडअळी ओळखायची खात्रीची रीत. "वरून नाही समजत भाऊ, फोडल्याबिगर काहीच समजत नाही," शेतकरीभाऊ विळा चालवता चालवता म्हणाले.

एका बोंडात ती सापडलीच. डोकं तपकिरी, पांढुरक्या अंगावर गुलाबी पट्टे. अंड्यातून निघाल्या निघाल्या ती कोवळ्या बोंडात शिरते, आणि बोंड वाढताना शिरण्याचं भोक बुजून जातं. फवारलेलं औषध मग बाहेरच राहतं. सरकी पोखरलेली, रुई पिवळट, ओलसर. ही रुई पुढं कवडी म्हणून वेगळी काढावी लागते आणि मातीमोल भावानं जाते.

हे बोंड बीटी कपाशीचं होतं, म्हणजे त्यातच अळीला मारणारं प्रथिन होतं. 2002 मध्ये एका जनुकाचं बीटी आलं, 2006 मध्ये दोन जनुकांचं. गुजरातेत अमरेलीच्या अळ्या पहिल्या प्रथिनाला दाद देत नाहीत, हे 2010 पर्यंत उघड झालं. पुढं दुसरं प्रथिनही निकामी ठरलं आणि 2017 च्या हंगामात विदर्भातली कपाशी अळीनं पोखरून काढली.

अळी विष पचवायला शिकते असं आपण म्हणतो, पण एकटी अळी काहीच शिकत नाही. लाखांत एखादीच्या आतड्यातली रचना जन्मतः वेगळी असते, तिथं विष चिकटत नाही. ही प्रतिकारशक्ती बहुधा आई आणि बाप दोघांकडून यावी लागते. एकाकडूनच आली तर अळी बीटीवर मरते. म्हणून बीटीभोवती साध्या कपाशीची पाच तासं लावायची. तिथं वाढलेले साधे पतंग वाचलेल्या पतंगांशी जुळतात आणि पिल्लं पुन्हा बीटीला बळी पडतात. त्यासाठी बियाण्यासोबत 120 ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची. ती बहुतेकांनी पेरलीच नाही. पाच तासं अळीला चारायची, हे कर्ज काढून पेरणाऱ्याला कसं पटावं? मी त्याला दोष देत नाही.

माझा आक्षेप बियाण्यावर आहे. आपल्याकडं बीटी संकरित वाणांतून आलं. संकरित झाडात जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळं त्याच्या बोंडात साधारण दर चौथी सरकी त्या जनुकाविना भरते. गुलाबी अळी सरकीच खाते. त्यामुळं अर्धवट प्रतिकार असलेली, एरवी मेलीच असती अशी अळीही तग धरू शकते. प्रतिकार पसरायला याहून सोयीची जागा कुठली?

चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात हीच चौथाई उलटी कामी आली. तिथल्या शेतकऱ्यांनी संकरित कपाशीच्या दुसऱ्या पिढीचं स्वस्त बियाणं पेरलं. त्यात चौथाई झाडंच मुळापासून शेंड्यापर्यंत साधी निघाली. त्यांच्यावर साधे पतंग वाढले आणि 2010 पर्यंत चढत गेलेला प्रतिकार पुढच्या पाच वर्षांत उतरला. प्रतिकाराची किंमत असते: विष नसलेल्या झाडावर प्रतिकारक अळी अनेकदा साध्या अळीहून दुबळी ठरते. पण साधे पतंग उरलेच नसतील, तर जुळणार कुणाशी?

म्हणून मला वाटतं, आपल्याला लवकर निघणारे सरळ वाण हवेत, ज्यांच्या प्रत्येक सरकीत जनुक असेल. आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून आणखी कापूस घेण्याची रीत, बंद व्हायला हवी. भाऊंनी चिरलेल्या शेवटच्या बोंडात दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. अशा जोडसरकीत अळी महिनोन् महिने झोपून राहते, पुढच्या हंगामाच्या कपाशीपर्यंत. "डिसेंबरात पऱ्हाटी उपटता का?" मी विचारलं.

"हिरीले पाणी असलं अन् भाव चढला, तं कोण उपटते भाऊ?" ते म्हणाले. "हरभऱ्याचं बियाणं कोणी उधारीवर देलं, तं उद्याच उपटतो."