लाडबोरीत पडलेली रिंग आणि शंभर किलोमीटरची रेष

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवतेय? विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची रांगच्या रांग गेली होती. व्हॉट्सअॅपवर कुणी उल्का म्हणालं, कुणी मिसाईल. आणि त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात साधारण तीन मीटर व्यासाची धातूची रिंग सापडली. अभ्यासकांच्या मते ती चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याची. हे रॉकेट उडालं होतं फेब्रुवारी २०२१ मध्ये!

मग वर्षभर वर फिरणारी वस्तू अचानक खाली का येते?

कारण शाळेत आपल्या डोक्यात बसलंय की १०० किलोमीटरला हवा संपली, अवकाश सुरू. ती कारमन रेषा माणसाने सोयीसाठी आखलीय, हवेला तिचा पत्ताच नाही. विमानं १०-१२ किलोमीटरवर, तपांबरात. त्याच्या वर ५० पर्यंत स्थितांबर, ८५ च्या आसपासपर्यंत मध्यांबर. त्याच्याही वर थर्मोस्फिअर, पार ६०० किलोमीटरपर्यंत. आणि अंतराळ स्थानक उडतं ४०० वर. म्हणजे ते वातावरणातच आहे की! हवा अतिविरळ, पण स्थानकाचा वेग ताशी २८ हजार किलोमीटर. तेवढंही घर्षण पुरतं. म्हणून अधूनमधून इंजिन चालवून त्याला वर ढकलावं लागतं. जीपीएसचे उपग्रह २० हजार किलोमीटरवर, त्यांना ही कटकट नाही.

रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याला ढकलणार कोण? त्याची कक्षा लांबट असते. प्रत्येक फेरीत तो खालच्या हवेत बुडी मारतो, थोडा वेग गमावतो, कक्षा आखडत जाते. शेवटी ८० किलोमीटरच्या आसपास तुटतो, जळतो. आपण पाहिल्या त्या ठिणग्या याच.

त्यात सूर्य खोडी काढतो. सौरवादळाने वरची हवा तापून फुगते आणि घर्षण वाढतं. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी तब्बल ४० पर्यंत असेच गेले.

आपल्या सोलापूरकडे पडलं तर ते बहुधा वेगळंच असेल. हैदराबादहून टीआयएफआर संशोधनाचे बलून सोडते. ते ३०-४० किलोमीटरपर्यंत जातात, म्हणजे स्थितांबरातच. यंत्रं पॅराशूटने उतरतात, कधी आपल्या बाजूलाही. ती उघडायची नाहीत, थेट पोलिसांना कळवायचं. रॉकेटचा तुकडा दिसला तर सेल्फीसाठीसुद्धा जवळ जाऊ नका, टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं.