स्मरणशक्तीचा आडपडदा

मृत्यूनंतर आपला मेंदू तपासणीसाठी द्यावयाचा, असे वचन ६७८ धर्मभगिनींनी जिवंतपणीच देऊन ठेवावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. या भगिनी अमेरिकेतील नोत्र दाम संघाच्या. बहुतेकींचा जन्म शाळेत शिकविण्यात गेलेला. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली मिनेसोटात या अभ्यासाचा पाया घातला. एकच अन्न, एकच निवारा, सारखेच औषधपाणी. विडीकाडी नाही, बाळंतपणे नाहीत. तेव्हा एकीची स्मृती शंभरीपर्यंत शाबूत राहावी आणि दुसरीची ऐंशीतच विझावी, याचे कारण राहणीत शोधून भागत नाही. त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी निवर्तल्या. अखेरच्या चाचण्यांत त्यांनी उत्तम गुण मिळविले होते. मेंदू उघडून पाहिला, तो त्यात आल्झायमरच्या रोगाचे प्रथिनांचे थर व गुंते विपुल आढळले! रोग होता, मात्र रोग्याला त्याची बाधा नव्हती.

स्त्रियांची स्मृती पुरुषांहून चिवट असते, असा निष्कर्ष यावरून कोणी काढील. पण या अभ्यासात पुरुष एकही नाही. ती उणीव शिकागोच्या रश विद्यापीठाने १९९४ साली आरंभिलेल्या दुसऱ्या अभ्यासाने भरून काढली. त्यात धर्मभगिनींबरोबर धर्मगुरू व धर्मबंधूही सामील झाले. (आमच्या व्यवसायबंधूंचे मेंदूही कामी आले, याचे आम्हांस समाधान वाटते.) त्यांपैकी १४१ जणांच्या मेंदूंचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला आणि चित्र उलटे दिसले. मेंदूतील विकृती एका मात्रेने वाढली, की प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश जडण्याची शक्यता पुरुषांत सुमारे तिप्पट होते. स्त्रियांत ती २२ पटींहून अधिक वाढते.

मग खरे काय? दोन्ही खरे. शब्द ध्यानी ठेवण्यात स्त्रिया सर्व वयांत सरस असतात. या रोगाच्या परीक्षेत १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवितात आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारतात. एरिन सुंदरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखविले, की मेंदूतील स्मृतीचे केंद्र सारखेच झिजलेले असतानाही स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक शब्द सांगतात. झीज फार झाली, म्हणजे मात्र ही सरशी नाहीशी होते. गाठीची शिल्लक मोठी असली, की घरातली तूट उशिरा कळते. कळते तेव्हा पेटी रिकामी झालेली असते.

अमेरिकेत आल्झायमरच्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. त्या अधिक जगतात म्हणून, हे उत्तर अर्धेच होय. या रोगाची पहिली नोंदही एका स्त्रीचीच: १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आणलेल्या ५१ वर्षांच्या आगुस्ट डेटर यांची.

घरभेटीस जाताना आम्ही पाहतो, की आजीबाई सारी जपमाळ बिनचूक म्हणतात, नातवंडांची नावे एका दमात सांगतात. घरची माणसे निश्चिंत होतात. ही निश्चिंती आम्हांस धोक्याची वाटते. पाठांतरापेक्षा नित्याच्या व्यवहाराकडे पाहावे. सुटे पैसे मोजताना त्या अडखळतात काय? ओळखीच्या वाटेवर थबकतात काय? नेहमीच्या कालवणात मीठ दोनदा पडते काय? अशा खुणा वारंवार दिसू लागल्या, की ‘वय झाले’ म्हणून न सोडता डॉक्टरांकडे न्यावे, आणि घरात काय दिसले ते त्यांना तपशिलाने सांगावे. केवळ शब्दांच्या परीक्षेवर विसंबून चालत नाही, कारण स्त्री-पुरुषांना तिथे एकच मोजपट्टी लावली जाते. याच संशोधकांनी २०१९ साली दोघांना निरनिराळ्या मोजपट्ट्या लावून पाहिल्या, तेव्हा निरोगी ठरविलेल्या सुमारे १० टक्के स्त्रियांत आजाराची सुरुवात आढळली. आणि जवळजवळ तितक्याच पुरुषांवर आजाराचा शिक्का विनाकारण बसला होता.