सैनिकी सेवा आणि परदेशातील स्वयंसेवा : पीस कोअरविषयक अमेरिकी तरतुदीचा विचार

प्रस्तावना

सैन्यातील सेवेचे काही बंधन परदेशात नागरी स्वयंसेवक म्हणून पूर्ण करण्याची मुभा असावी काय, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासकीय वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी विश्वासाचा प्रश्न आहे. परक्या देशातील गाव आलेल्या व्यक्तीला कोण म्हणून ओळखते, यावर तिचे कार्य आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात. अमेरिकेत २००२ ते २००६ या काळात या प्रश्नाची कायद्याच्या पातळीवर कसोटी लागली. त्या अनुभवाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तरतुदीचे स्वरूप

डिसेंबर २००२ मध्ये संमत झालेल्या संरक्षणविषयक कायद्यात राष्ट्रसेवेच्या एका नव्या योजनेचा समावेश होता. सिनेटर जॉन मॅककेन व इव्हान बाय हे तिचे पुरस्कर्ते होते. अमेरिकी सैन्यात दाखल होणाऱ्यावर सर्वसाधारणपणे एकूण आठ वर्षांचे बंधन असते. नव्या योजनेनुसार प्रशिक्षणानंतर पंधरा महिने प्रत्यक्ष सेवा, त्यानंतर चोवीस महिने प्रत्यक्ष किंवा राखीव दलातील सेवा, आणि उरलेला काळ राखीव दलात अथवा पीस कोअर, अमेरिकोअर यांसारख्या नागरी सेवेत घालवता येणार होता. पाच हजार डॉलर रोख किंवा अठरा हजार डॉलरपर्यंत शैक्षणिक कर्जाची परतफेड, अशी प्रलोभनेही होती. दीर्घकाळ गणवेशात राहण्याची तयारी नसलेल्या तरुणांना, विशेषतः महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्यांना, राष्ट्रसेवेकडे वळवणे हा यामागील हेतू होता. तो गैर म्हणता येणार नाही.

पीस कोअरची भूमिका

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या १ मार्च १९६१ च्या आदेशाने स्थापन झालेल्या पीस कोअरचे स्वयंसेवक सुमारे दोन वर्षे स्थानिक लोकांमध्ये, त्यांच्यासारखेच राहून काम करतात. त्यांच्याजवळ शस्त्र नसते. गावाचा विश्वास हेच त्यांचे संरक्षण असते. म्हणूनच केंद्रीय गुप्तचर संस्थेत काम केलेल्या व्यक्तीस पीस कोअरमध्ये कायमचा मज्जाव आहे. एवढी दक्षता घेऊनही संशय टळत नाही. ज्या महिन्यात वरील कायदा झाला, त्याच महिन्यात रशियाच्या सुरक्षा यंत्रणेच्या प्रमुखांनी काही स्वयंसेवकांवर हेरगिरीचा आरोप केला आणि रशियातील पीस कोअरचे कार्य संपुष्टात आले.

भारतालाही हा विषय परका नाही. १९६१ ते १९७६ या काळात पीस कोअरचे स्वयंसेवक भारतात कार्यरत होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ मध्ये, मुंबईतील विक्रोळी येथे परिचारिका म्हणून सेवा सुरू केली. अशा व्यक्तीची सेवा सैनिकी बंधनाचा भाग असती, तर दवाखान्यात येणाऱ्या कुटुंबांनी तिच्याकडे त्याच दृष्टीने पाहिले असते काय, याचा विचार करण्याजोगा आहे.

वाद आणि त्याचा शेवट

या तरतुदीकडे प्रारंभी फारसे लक्ष गेले नाही. २००५ मध्ये तिची जाहीर चर्चा सुरू होताच माजी स्वयंसेवकांनी तीव्र विरोध केला. योजनेतून येणाऱ्यांनाही नेहमीच्या निवडप्रक्रियेतूनच जावे लागेल, असा खुलासा करण्यात आला. परंतु त्याने मूळ आक्षेप दूर झाला नाही. माजी सैनिकांना पीस कोअरचे दार पूर्वीपासून खुले होते आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. आक्षेप सैनिकावर नव्हता, करारावर होता. सैन्यातून मुक्त झालेला नागरिक स्वेच्छेने येतो, तेव्हा त्याच्या दोन भूमिका काळाने विभागलेल्या असतात. एकाच करारात दोन्ही गोवल्या, तर स्वयंसेवा ही सैनिकी बंधनाचा उर्वरित हप्ता ठरते. अशा थोड्या व्यक्तींमुळे निर्माण होणारा संशय मात्र सर्वच स्वयंसेवकांना भोवू शकतो. अखेर जानेवारी २००६ मध्ये स्वाक्षरी झालेल्या संरक्षण कायद्याद्वारे पीस कोअरचे नाव योजनेतून वगळण्यात आले.

पर्याय आणि सांगड यांतील भेद

युरोपातील उदाहरणे येथे वेगळी ठेवावी लागतात. जर्मनीत २०११ मध्ये सक्तीची सैन्यभरती स्थगित होईपर्यंत, सैनिकी सेवेस विवेकबुद्धीने नकार देणाऱ्या तरुणाला परदेशातील सामाजिक सेवेचा मार्ग उपलब्ध होता. ऑस्ट्रियातही परदेशातील नागरी सेवेची सोय आहे. तेथे स्वयंसेवा सैनिकी सेवेच्या ऐवजी येते. अमेरिकी योजनेत ती सैनिकी सेवेला जोडून येत होती. पहिल्या व्यवस्थेत तरुण गणवेश नाकारून गावात जातो. दुसऱ्या व्यवस्थेत गणवेशाची छाया त्याच्या पाठोपाठ जाते.

निष्कर्ष

सैनिकी सेवा आणि परदेशातील स्वयंसेवा या दोन्ही राष्ट्रसेवेच्या प्रतिष्ठित वाटा आहेत, आणि एकाच व्यक्तीने त्या क्रमाने चोखाळण्यास हरकत नसावी. तथापि, त्यांना एका कायदेशीर बंधनात बांधल्यास सैन्याचा लाभ मर्यादित राहतो आणि स्वयंसेवेची हानी मोठी होते. या व्यवहारात संमती केवळ भरती होणाऱ्या तरुणाची विचारली जाते. ज्या गावाने त्याला घरात घ्यायचे, त्या गावाची नाही. युवकांच्या सेवायोजनांची आखणी करताना हे दुसरे अंग विचारात घेणे अगत्याचे आहे.