पूररेषा पाळली म्हणजे पाणी राखलं?

‘आमचं बांधकाम निळ्या रेषेच्या बाहेर आहे, मग नदीचा प्रश्न येतोच कुठे?’ धरणाच्या वरच्या अंगाला प्लॉट पाडणारे हे अगदी मनापासून सांगतात. पण निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही आखल्या आहेत त्या माणसांना पुरापासून वाचवायला. पाण्याला माणसांच्या घाणीपासून वाचवणं हे त्यांचं कामच नव्हे. टेकडीवरच्या रिसॉर्टची सेप्टिक टाकी गळत असेल, तर ती रेषेच्या कितीही बाहेर असो, तिचं पाणी ओढ्यावाटे धरणात उतरणारच.

महाराष्ट्रात यासाठी 2000 साली वेगळं धोरण आलं होतं. नदीचं पाणी कशासाठी वापरलं जातं त्यावरून नद्यांचे वर्ग पाडून, कोणते उद्योग पात्रापासून किती लांब हवेत हे त्यात ठरवलं होतं. 2015 मध्ये सरकारने ते रद्द केलं. त्यात उणिवा असतील तर दुरुस्त करायला हव्या होत्या. मोडीत काढणं चूकच होतं.

‘जलशुद्धीकरण केंद्र आहे ना!’ आहे. तुरटीने गढूळपणा बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळलं जातं, क्लोरीनने जंतू मरतात. पण खतांतून आलेलं नायट्रेट पाण्यात विरघळलेलं असतं, ते यातल्या कशानेच अडत नाही. मैलापाण्यातला अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून मात्रा वाढवावी लागते. आणि सेंद्रिय घाणीशी क्लोरीनचा संयोग झाला की ट्रायहॅलोमिथेनसारखी घातक द्रव्यं तयार होतात.

‘नियम आले की जमीन गेली’ ही गावकऱ्यांची भीती मात्र खोटी म्हणून झटकू नये. न्यूयॉर्कला पाणी देणाऱ्या कॅट्सकिलच्या डोंगरी गावांनाही तीच भीती होती. 1997 मध्ये शहराने त्यांच्याशी करार केला. नव्या सेप्टिक टाकीचं शोषक्षेत्र जलाशयापासून 300 फूट आणि ओढ्यापासून 100 फूट लांब हवं, हा नियम झाला. पण जमीन घ्यायची ती फक्त राजीखुशीने विकणाऱ्यांकडून, बाजारभावाने. गोठ्याचं शेण ओढ्यात जाऊ नये यासाठीचा खर्चही शहराने उचलला. तिथलं पाणी आजही न गाळता, फक्त निर्जंतुक करून घरोघर जातं. पानशेत, वरसगाव आणि टेमघरच्या पाण्यावर जगणाऱ्या पुण्याने वेल्हे-मुळशीतल्या गावांच्या मैलापाण्याचा खर्च असाच उचलायला काय हरकत आहे?